पेन्सिलीखालची आत्या

"मान दाखवायला आले, तर ही बाई काखेत काय शोधतेय?"

पडद्यापलीकडून आत्या पुटपुटली. म्हणजे आपल्या मते पुटपुटली. बाहेर बाकावर ताटकळणाऱ्यांपर्यंतही ते पोचलं असणार. वहिनी पडद्याच्या अलीकडे आत्याचा स्वेटर, स्कार्फ, चष्मा आणि पिशवी असा सगळा संसार मांडीवर घेऊन बसली होती. तिला हसू आलं आणि लगेच ते आवरावंही लागलं, कारण आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "दुसरा हात वर करा."

"आधी सांगायचं होतं. बरे कपडे घालून आले असते. आतली शिवण उसवलीय माझी."

"मी शिवण बघत नाही हो."

"सगळे असंच म्हणतात. बघतात मात्र सगळं."

पडदा सरकला. डॉक्टरीणबाई वयानं लहान होती, वहिनीच्या सुनेएवढी असेल. पण हातांना घाई नव्हती. तिनं विचारलं, "तुम्ही कोण ह्यांच्या?"

"भावजय."

"आत या. घरच्या माणसानं ऐकलेलं बरं."

घरातल्या माणसांना जे उघडं दिसत नसे, ते त्या पांढऱ्या दिव्याखाली सगळं उघडं होतं. आत्याच्या उजव्या कानाखालून सुरू होऊन जबड्यावरून मानेपर्यंत उतरलेली ती मऊ वाढ, अर्धवट भरलेल्या कापडी पिशवीसारखी लोंबती. तिच्यावरची कातडी तपकिरी, सैल. डॉक्टरीणबाई डोळे मिटून बोटांच्या टोकांनी ती चाचपत होती, बंद पोत्यात काय भरलंय ते बाहेरून ओळखावं तशी.

"आत दोऱ्यांचा गुंता लागतो हाताला," ती म्हणाली. "हे मज्जातंतूंवर वाढलेलं आहे. चरबी नाही, रक्ताची गाठ नाही. अंगावर हे चहाच्या रंगाचे डाग आहेत, आणि काखेत बारीक ठिपके. जिथे ऊन पोचत नाही तिथे असे ठिपके सहसा येत नाहीत. म्हणून काखेत बघितलं."

"मग तसं सांगायचं," आत्या म्हणाली.

डॉक्टरीणबाईनं आजाराचं नाव सांगितलं. आत्यानं ते तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. "न्यूरोफायब्रोमॅटोसिस. बाई गं, एवढं मोठं नाव. आमच्या घरी नुसतं 'ते' म्हणतात. मी भाडेकरू म्हणते. जन्मापासून आहे, जागा सोडत नाही."

नाव कळायला आत्याचे केस पिकावे लागले. तिच्या लहानपणी एका डॉक्टरनं चरबी म्हटलं होतं, दुसऱ्यानं रक्तवाहिनी. तिसऱ्यानं मलम दिलं होतं, ते तिच्या वडलांनी, नानांनी, शेवटी कॅमेऱ्याच्या चामड्याला चोळून संपवलं. चौथ्यानं कापायला घेतलं, तर रक्त थांबेना. तेव्हा नाना पोरीला उचलून घरी घेऊन आले आणि पुन्हा कुठल्या दवाखान्याची पायरी चढले नाहीत.

डॉक्टरीणबाईचं बोट कानामागे थांबलं. "इथे टणक लागतंय. हे कधीपासून?"

"असेल."

"दुखतं?"

"त्या कुशीवर झोपले तर."

"पूर्वी दुखायचं?"

आत्यानं केस त्या कानावर ओढून घेतले. म्हणजे पूर्वी दुखत नव्हतं, हे वहिनीला कळलं.

"नुसता मऊ भाग असता तर मी म्हटलं असतं, नांदा सुखानं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पण जुन्या वाढीत नवी टणक गाठ आली आणि दुखायला लागली, तर ती कधीकधी बिघडलेली निघते. निघेलच असं नाही. स्कॅन करू, तुकडा काढून तपासू. पण नेमकं कुठे नवं आहे, किती झपाट्यानं आलंय, हे समजलं तर कुठून तुकडा घ्यायचा आणि किती घाई करायची ते ठरवता येईल. जुने फोटो आहेत का घरी? ह्या बाजूनं काढलेले?"

आत्या हसायला लागली. इतकी, की तपासायचं टेबल करकरलं.

"फोटो? आमच्याकडे? अहो, आमचं दुकानच फोटोचं. वडलांचं, मग भावाचं. भिंती भरल्यात फोटोंनी." आणि डोळे पुसत म्हणाली, "फक्त त्यात मी नाही."

डॉक्टरीणबाईला ते कळलं नाही. वहिनीला कळलं, आणि तिनं स्कार्फची घडी मोडून पुन्हा घातली.

"अजून एक. हे वारशानं येऊ शकतं. ज्याच्या अंगावर काहीच खूण नाही त्याच्याकडून पुढे जात नाही, पण ज्याला आहे त्याच्याकडून जाऊ शकतं. घरात अजून कुणाला असे डाग, मऊ गाठी? लहान मूल असेल तर मला नक्की सांगा. त्यांचे डोळे, पाठीचा कणा, रक्तदाब बघत राहावं लागतं. लवकर कळलं तर पुष्कळ गोष्टी वेळेत सावरता येतात."

आत्यानं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं पिशवीकडे.

"कुणालाच नाही," वहिनी म्हणाली.

*

घरी येताना आत्या खिडकीशी बसली, उजवी बाजू काचेकडे करून. आयुष्यभर ती अशीच बसत आलेली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "कुणालाच नाही म्हणालीस."

"मग काय म्हणायचं होतं, वन्सं?"

"नाही, बरोबर. मीही तेच म्हणाले असते."

नणंदेला वन्सं म्हणणं केव्हाच जुनं झालं होतं, आणि ही नणंद तर वहिनीच्या बरोबरीची. पण त्या शब्दाला दोघींचा एक इतिहास होता. लग्न ठरताना वहिनीला सासरच्या माणसांचा फोटो दाखवला होता. नानांचा हातखंडा, दुकानाच्या वाढदिवसाला दर वर्षी काढायचा तसा. त्यात डाव्या टोकाला एक मुलगी उभी, सुरेख लांब मान, गुळगुळीत जबडा. लग्नाआधी एकदा घर बघायला म्हणून वहिनी आली, तर दार उघडायला वेगळीच कुणी. वहिनीनं अदबीनं विचारलं, "वन्सं आहेत का घरात?" समोरच्या मुलीनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आहेत ना. बोलावते." आत गेली, पदराला हात पुसत परत बाहेर आली आणि म्हणाली, "बोला. मीच वन्सं."

त्या दिवशी वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आत्याला नव्हतं. तिनं ती गोष्ट घरभर सांगितली, पाहुण्यांना सांगितली, पुढे पुतण्याला, आणि आता पुतण्याच्या मुलीला. दर वेळी हसायची. हसताना तिच्या चेहऱ्याची डावी बाजू वर जायची, उजवी मागून दमत दमत यायची.

बाकी, पाहायचं म्हटलं तर वहिनीनं काय पाहिलं नव्हतं? नवऱ्याची पाठ पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला वाटलं होतं, कुणीतरी पातळ चहा सांडला आणि पुसायचं विसरलं. पुढे त्या पाठीवर, दंडावर वाटाण्याएवढ्या मऊ गाठी आल्या. तोवर माणूस इतका आपला झाला होता की गाठी काय नि तीळ काय. नानांच्या शेवटच्या दुखण्यात अंग पुसायला तीच होती. मुलाला तिनंच न्हाऊ घातलं, त्याच्या मांडीवरचे डाग सासूनं "जन्मखुणा" म्हणून पदराआड केले. आणि मग नात झाली. चिमणी. घरातल्या सगळ्या पाठी वहिनीच्या हाताखालून गेल्या होत्या. हातांना सगळं माहीत होतं. तोंडानं कधी विचारलं नव्हतं.

चिमणी झाली तेव्हापासून घरात एक खेळ चाले, पोर कुणावर गेली. नाक धाकट्या भावजींचं. कपाळ आजोबांचं. हनुवटी सुनेच्या आईची, हे सुनेच्या आईनं परस्पर ठरवलेलं. चालणं नानांसारखं. एवढे सगळे एका पोरीत कोंबले, तरी एक नाव कधी कुणाच्या तोंडून आलं नाही.

*

कामासाठी परगावी गेलेला वहिनीचा मुलगा सोडला, तर रविवारी सगळे दुकानात जमले. दुकान म्हणजे पुढे काउंटर, मागे स्टुडिओ. उत्तरेकडची मोठी खिडकी, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर शांत असतो, भांडत नाही, असं नाना म्हणत. कोपऱ्यात कुठेही न जाणाऱ्या जिन्याचा रंगवलेला पडदा. त्यासमोर तेच गोल स्टूल, ज्याच्यावर अर्ध्या गावानं आपली पाठ ताठ केली होती. आता पासपोर्टचे फोटो संगणकावर निघत, पण दादांनी डार्करूम मोडली नव्हती. "मोडायला काय, कधीही मोडता येते," असं ते म्हणत आणि दर महिन्याला ताजी औषधं कालवून ठेवत.

दादा म्हणजे वहिनीचे यजमान. सबंध घराचे दादा. खिडकीशी त्यांचं रिटचिंगचं, म्हणजे फोटोतले डाग-सुरकुत्या पुसायचं डेस्क. तिरकी काच, खाली आरसा, हाताशी सुईसारख्या टोकाच्या पेन्सिली. त्या उतारावर वाकून ते बसले होते, पूर्ण बाह्यांच्या शर्टात, मनगटाची बटणं लावून. बोलत नव्हते. ते तसेही फार बोलत नसत.

आल्बम टेबलभर पसरले होते. धाकटे भावजी चष्मा कपाळावर चढवून पानं उलटत होते. कचेरीतून निवृत्त होऊनही प्रत्येक कागदावर शेरा मारायची त्यांची सवय गेली नव्हती.

"हा द्या. काय सुरेख आलाय. हाही द्या."

"डॉक्टरीण विचारेल, ही बाई कोण," आत्या म्हणाली. ती स्टुलावर बसली होती आणि चिमणी तिच्या पायाशी रिकाम्या रिळांचा मनोरा रचत होती. "मलाच कधीकधी वाटतं, विचारावं. बरी दिसते. लग्नबिग्न झालं असेल हिचं."

कुणी हसलं नाही. आत्या एकटीच हसली.

"मी काय म्हणतो," भावजींनी आल्बम मिटला, "ह्या वयात हे उकरायचं कशाला? इतकी वर्षं काही झालं नाही."

"कुणाला काही झालं नाही?" वहिनीनं विचारलं.

"वहिनी, शब्दात पकडू नका. ऑपरेशन म्हणजे खेळ आहे? त्यातून चेहऱ्याच्या नसा. मी वाचलंय. हसणं जातं म्हणे."

"तेवढं एक मात्र खरं बोललास," आत्या म्हणाली. "अर्धं हसू आधीच भाडेकरूनं नेलंय. उरलेलं अर्धं मला हवंय. मी नाही म्हटलं तर कुणी बांधून नेणार आहे का?"

"काकांचं बरोबर वाटतं मला," सून हळूच म्हणाली. ती दाराशी उभी होती, आत ना बाहेर. "आत्यांची इच्छा नसेल तर... आणि डॉक्टर लोक एकाचं बघता बघता सगळ्या घराचं काढतात."

वहिनीनं सुनेकडे पाहिलं. सून वाईट नव्हती. आत्याला पहिला चहा तीच नेऊन देई. फक्त चिमणी आत्याच्या मांडीवर फार वेळ बसली की तिला काहीतरी काम निघे आणि पोरीला हाक मारावी लागे. आणि उकाडा असो, पाऊस असो, चिमणीच्या पायात गुडघ्यापर्यंत मोजे.

"तेच तर!" भावजींना बळ आलं. "आपल्या घराण्यात असलं काही नाही. हिला एकटीला आहे, नशीब म्हणायचं. उगाच वारसाबिरसा असले शब्द बाहेर गेले, तर लोक दहा गोष्टी विचारतात. माझ्या मुलीचं ठरतंय, ठाऊक आहे ना?"

"नानांना होतं," वहिनी म्हणाली.

इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की आधी तिचं तिलाच पटेना की हे तोंडाबाहेर पडलं. दादांची पेन्सिल थांबली.

"छातीवर, दंडावर, पाठीवर. मऊ मऊ गाठी. शेवटी अंग पुसायला मीच होते ना. गळ्यापर्यंत बटणं कशाला लावायचे, वाटतं तुम्हाला?"

"थंडी वाजायची त्यांना."

"उन्हाळ्यात?"

भावजींनी चष्मा कपाळावरून काढला, पुसला, पुन्हा कपाळावरच ठेवला. बराच वेळ जिन्याच्या पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांचा कचेरीतला आवाज कुठेतरी गेला आणि मागे धाकट्या मुलाचा उरला. "घोडा घोडा करायचे मला. पाठीला हात लावला की मऊ लागायचं, इथे तिथे. मला वाटायचं, सगळ्यांच्याच बापाची पाठ तशी असते."

"नानांचा एक फोटो नाही घरात," आत्या म्हणाली. "फोटोग्राफरचा फोटो कोण काढणार, म्हणायचे."

"सगळ्या गावाला म्हणायचे, ताठ बसा, इकडे बघा," भावजी म्हणाले. "आणि स्वतः कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली."

सगळ्यांना एकदम तो आवाज आठवला. इकडे बघा, आता पापणी नाही हलवायची, हं, सुटलात. उन्हाळ्याच्या दुपारी ह्याच खोलीत, औषधांच्या आंबूस वासात, नानांचे बूट त्या कापडाखालून दिसायचे. पोरं बुटांशीच बोलायची. क्षणभर सगळे त्या बुटांपाशी जाऊन उभे राहिले.

"भावजी," वहिनी म्हणाली, "तुमचं अंग कोरं आहे. मी ह्या घरात आले त्या वर्षी तुम्हाला गोवर आला होता, मी बघितलंय. डॉक्टरीण म्हणाली, ज्याला खूण नाही त्याच्याकडून पुढे जात नाही. मुलीची काळजी करू नका तुम्ही."

भावजींनी सुटकेचा श्वास टाकला, आणि दुसऱ्या क्षणी तो टाकल्याची त्यांना लाज वाटली. कारण मग कुणाची काळजी करायची, हा प्रश्न खोलीच्या मध्यभागी येऊन बसला होता, आणि सगळे त्याला वळसा घालून एकमेकांकडे बघत होते. सून पुढे आली, वाकली, आणि चिमणीचा घसरलेला मोजा तिनं वर ओढला.

तेवढ्यात दादा उठले.

"निगेटिव्ह आहेत," ते म्हणाले.

फळीवरून त्यांनी पुठ्ठ्याचे खोके उतरवले, धूळ फुंकली. टर्पेन्टाइनची बाटली आणि कापूस डेस्कावर ठेवला.

"निगेटिव्हमधेही पुसलेलंच असणार ना?" भावजी म्हणाले. "तिथेच तर पुसायचात तुम्ही."

"दोन तऱ्हा असतात." दादा नेहमीसारखे काचेशी बोलत असल्यागत बोलत होते. "एक पातं. निगेटिव्हचा थरच खरवडायचा. गेलं ते कायमचं गेलं. दुसरी पेन्सिल. वर राळेचा हात फिरवायचा आणि त्यावर पेन्सिलीनं भरायचं. जिथे भरलं तिथे फोटोत उजळ येतं, सावली जाते. सावली गेली की फुगवटा गेला. नाना पातं चालवायचे, झपाझप. गिऱ्हाइकांच्या सुरकुत्या, देवीचे व्रण, सगळं. पण हिच्यावर त्यांचा हात चालेना. काच पुढ्यात घेऊन नुसते बसायचे. म्हणून मग माझ्याकडे दिलं. मी सोळा-सतराचा असेन, ही एवढीशी. म्हणाले, पातं वापर, पुन्हा डोकं वर काढायला नको."

"मग?"

"मी पेन्सिलच वापरली. दर वर्षी."

"का?" आत्यानं विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

दादांनी बाटलीचं बूच काढलं. "वाटायचं, उद्या तू मागितलंस तर? माझा चेहरा दे म्हणालीस तर काय देऊ?"

 आत्यानं कधी मागितला नव्हता. तिनं गोष्ट सांगून लोकांना हसवलं होतं, ते मागणंच होतं की काय, असं वहिनीच्या मनात येऊन गेलं.

टर्पेन्टाइनचे डाग जात नाहीत, म्हणून रिटचिंगवाला ते हाताळताना बाह्या वर करतो. दादा नेहमी सगळे घरी गेल्यावर करत. आज त्यांनी मनगटाची बटणं सोडली आणि उत्तरेच्या त्या शांत उजेडात दोन्ही बाह्या कोपराच्या वर गुंडाळल्या. चहाच्या रंगाचे डाग. दंडाच्या आतल्या बाजूला मऊ गाठींची ओळ. भावजी बघत राहिले. सून बघत राहिली. तिनं आपल्या नवऱ्याच्या मांडीवरचे डाग रोज पाहिले असणार, पण ते कुठून चालत आले, ती वाट तिला आज दिसत होती. दादांनी कुणाकडेच पाहिलं नाही. कापूस भिजवला आणि आत्यापुढे धरला.

"मी भरलंय," ते म्हणाले. "तू पूस. हलक्या हातानं. ओलं झालं की आपसूक सुटतं."

आत्या डेस्काशी बसली. काचेखालून आरशानं उजेड वर फेकला आणि एक उलटी मुलगी दिसली, काळे दात, पांढरे केस. कापूस फिरला तसा शिशाचा करडा रंग निघून आला. एकामागून एक. फ्रॉकातली, दोन वेण्यांची, वहिनीच्या लग्नातली, पुतण्याला कडेवर घेतलेली. प्रत्येक वेळी जबड्याखालून तो भाडेकरू थोडा थोडा मोठा होत येत होता, शांतपणे, दर वर्षी तीळतीळ. जुन्या ओळखीचा माणूस फाटकातून यावा तसा. फार वाईट दिसत नव्हता. म्हणजे वहिनीला तरी वाटलं, तो पुसायला एवढा जन्म का घालवला ह्यांनी?

"किती राबला आहेस रे दादा," आत्या म्हणाली. "एवढ्या राबण्यात एक लग्न झालं असतं माझं."

शेवटच्या खोक्यात अगदी अलीकडची निगेटिव्ह होती, संगणक आला त्याच्या आदल्या वर्षाची. त्यानंतर आत्या फोटोला बसलीच नव्हती. सवड नाही, केस बरे नाहीत, अशी कारणं तिला पुरली होती. दादांनी भिंग लावलं. कानामागची जागा पाहिली. मग आत्याच्या कानामागे पाहिलं. पुन्हा भिंग.

"इथे खोलगट आहे," ते म्हणाले. "आता इथे भरलंय."

"म्हणजे टणक आहे ते जुनं नाही," वहिनी म्हणाली.

"नाही."

 चिमणीच्या रिळांचा मनोरा पडला.

"अस्सं," आत्या म्हणाली. "म्हणजे भाडेकरूनं पोटभाडेकरू ठेवलाय. मला न विचारता." ह्या वेळी ती हसली नाही. हात कापसासकट मांडीवर पडला होता. "वहिनी, उद्या येशील ना गं बरोबर?"

"येईन की."

"हसू गेलं तर?"

"अर्धं गेलं तरी उरलेल्यावर भागवू. आजवर तेच केलंय."

भावजी खाकरले. "मी गाडी सांगतो. सकाळची."

"तुझ्या मुलीचं ठरतंय ना?"

"ठरू दे," भावजी म्हणाले. "तिच्या आत्याला सोडून ठरत असेल तर मोडू दे."

*

डॉक्टरीणबाईला हातात धरता येतील असे फोटो हवेत, म्हणून दादा छापायला आत गेले. भावजींनी मोबाइलवर काढून उलटे करायची युक्ती सुचवली होती. दादांनी ती ऐकून घेतली आणि डार्करूमचं दार उघडलं. वहिनी मदतीला गेली, आणि तिच्या मागून, कुणी न बोलावता, सून.

आत लाल दिवा. तोच आंबूस वास. नव्या नवरीचे दिवस वहिनीनं ह्याच अंधारात काढले होते. घरात बोलायला जागा नव्हती, इथे होती. दादांनी पहिल्यांदा तिचा हात धरला तो ट्रे कसा हलवायचा हे शिकवायला. मुलाला दात आल्याचं तिनं त्यांना इथेच सांगितलं. आणि एकदा, मुलगा रांगायला लागला तेव्हा, इथेच ती म्हणणार होती, अहो, त्याच्या मांडीवर तुमच्यासारखेच... पण तेवढ्यात ट्रेमध्ये कुणाचा तरी चेहरा यायला लागला आणि बोलणं राहिलं. तेव्हा राहिलं ते राहिलंच.

दादांनी कागद औषधात सोडला. वहिनीनं ट्रे एका कोपऱ्यानं उचलला, ठेवला, उचलला. पांढऱ्यावर आधी काहीच नाही. मग दोन डोळे. मग केसांची कड. नानांच्या गोल स्टुलावर बसलेली चारेक वर्षांची मुलगी, फ्रॉक गुडघ्यांवर, पाय लोंबते, कॅमेऱ्याकडे हनुवटी पुढे काढून बघणारी. जणू म्हणतेय, मी नाही हलणार, तुम्हीच हला. कानाखाली बोराएवढा मऊ उंचवटा. पोटरीवर डाग.

सून एकदम पुढे वाकली. वहिनीनं तिच्या श्वासाचा आवाज ऐकला.

"हा कधीचा?" सुनेनं विचारलं. म्हणजे विचारायचं म्हणून विचारलं. हा फोटो तिनं मागच्या आठवड्यात काढलाय असंच कुणालाही वाटलं असतं.

दादांनी कागद धुतला, दुसऱ्या औषधात टाकला. थोड्या वेळानं म्हणाले, "आता उजेडात नेला तरी चालेल."

वहिनी हात पुसत होती, तोवर सुनेनं तो ओला कागद दोन कोपऱ्यांना धरून उचलला आणि पाणी गळत असतानाच बाहेर आणला. आत्या स्टुलावर परत बसली होती, चिमणी मांडीवर. दोघी मिळून भावजींच्या चष्म्यातून जिन्याच्या पडद्याकडे बघत होत्या.

भावजींनी फोटो पाहिला आणि सवयीनं तोंड उघडलं. "अरे, नाक मात्र..." आणि थांबले. नजर फोटोवरून मांडीवर गेली, मांडीवरून फोटोवर आली. खोलीतला प्रत्येकजण तोच प्रवास करत होता आणि प्रत्येकजण शेवटच्या पायरीवर अडत होता. वहिनीच्या ओठांवर आलं होतं. पण तिला वाटलं, हे आपण बोलायचं नाही. हे बोलायचा हक्क एकीचाच आहे, आणि तिला वेळ द्यायला हवा.

आत्यानं चिमणीला मांडीवरून उतरवायला घेतलं, हाक यायच्या आत, नेहमीसारखं. "जा गं, आई बोलावतेय."

"राहू दे," सून म्हणाली.

ती स्टुलापाशी खाली बसली. फोटो तिनं आत्याच्या हातात दिला, ओलाच. मग चिमणीचा एक मोजा खाली ओढला, पायातून काढला. दुसरा काढला. गोऱ्या पोटऱ्यांवर चहा सांडला होता. तिनं त्यावरून हात फिरवला, पुसायला नव्हे.

"नाक काकांचं नाही," ती म्हणाली, "आणि हनुवटी माझ्या आईची नाही. उद्या डॉक्टरांकडे तिलाही घेऊन जाऊ. चिमणी तुमच्यावर गेलीये, आत्या."